दूध का उतरले नाही?

बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, की मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला रक्त पुरत नाही. गरोदरपणात ही ग्रंथी वाढलेली असते, म्हणून फटका तिलाच आधी बसतो. हा शीहान सिंड्रोम. इंग्रज डॉक्टर हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले.

या ग्रंथीची संप्रेरके आटतात आणि पहिली खूण घरातच दिसते: बाळ छातीशी धरले तरी दूध उतरत नाही. पुढे पाळी परतत नाही, काखेतले केस झडतात, थंडी सोसत नाही, उठताच भोवळ येते. घरचे याला अशक्तपणा म्हणतात आणि निदानाला वर्षे लागतात. थायरॉइडची नुसती टीएसएच तपासणीही फसवते, कारण ती बऱ्याचदा नॉर्मल येते. कॉर्टिसॉल व टी-फोर ही संप्रेरके पाहावीच लागतात.

उपचार स्वस्त, पण क्रम महत्त्वाचा: आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. उलटे झाले तर जिवावर बेतते.

तेलंगणातील उटनूरच्या डोंगरातील गोंड-कोलाम वस्त्यांवरून आदिलाबादचे रिम्स रुग्णालय गाठेपर्यंत बरेच रक्त जाऊ शकते. तेव्हा रक्तस्रावाची नोंद डिस्चार्ज कार्डावर ठळक करावी आणि आशाताईंनी महिन्याभराने एवढे विचारावे: दूध आले का?