वर्गातले दुकान, यात्रेतले दुकान

रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीत महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, कर्नाटकातूनही बंजारा भाविक येतात. कोणी तेलुगू जाणतो, कोणी कन्नड. पण सर्वांची घरची बोली एकच, गोरमाटी. बांगड्यांचे दुकान मांडून बसलेला मणियार वयस्कर गिऱ्हाइकाला 'याडी' म्हणजे आई म्हणून हाक मारतो, भाव सांगतो, घासाघीस करतो. ही बोली त्याला कोणत्या शाळेने शिकविली? गिऱ्हाइकांशी बोलता बोलता, चुकतमाकत, प्रसंगी हसे करून घेत तो ती शिकला.

आता त्याचाच मुलगा इंग्रजीच्या वर्गात बसतो. शिक्षक म्हणतात, एकाने दुकानदार व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक आणि इंग्रजीत सौदा करावा. मुलगा मान खाली घालतो. कोणाला हा पोरखेळ वाटतो, कोणाला परीक्षेच्या दृष्टीने वेळेचा अपव्यय. पुष्कळांना मात्र भीती असते ती वर्ग हसेल याची. घरी आपणही विचारतो, "शाळेत नाटके करायला जातोस काय?"

मुलांची तक्रार अगदीच खोटी नाही. भरलेल्या वर्गात दोघे बोलतात, बाकीचे तमाशा पाहतात. त्यात भूमिका लंडनच्या हॉटेलातली! जे पाहिलेच नाही, त्यावर मुलगा काय बोलणार? म्हणून जोड्या पाडून सगळ्यांना एकाच वेळी बोलू द्यावे. भूमिका शिंप्याची, वेल्डरची, फळवाल्याची द्यावी. बोलताना मध्येच चूक काढू नये, नंतर समजावावी. मन धास्तावलेले असले की भाषा आत शिरत नाही, असे अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनीही मांडले आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तरी दहा वर्षे शिकलेला कारागीर आखाती नोकरीच्या मुलाखतीत गप्प बसतो आणि त्याचे काम दुसरा नेतो. अरबी वाचता येणारा मुलगाही दुबईच्या बाजारात भाव विचारताना अडतो. वाचणे वेगळे, बोलणे वेगळे. बोलायला सराव लागतो, आणि सरावात झालेल्या चुकीने धंद्याचे नुकसान होत नाही.

तेव्हा व्यापारी बांधवांनो, दुपारी दुकानात गर्दी नसते, तेव्हा दहा मिनिटे काढा. मुलाला गल्ल्यावर बसवा, आपण गिऱ्हाईक व्हा. इंग्रजी आपल्याला येत नसेल तर त्याच्याकडूनच शिका. बाप चुकायला लाजत नाही हे पाहिले, की मुलाचीही भीड चेपेल.