कपात कोणाच्या फौजेची?

सैन्यकपातीचे करार म्हटले की आपले लक्ष युरोपकडे जाते. नाटो आणि वॉर्सा करारातील राष्ट्रे १९७३ ते १९८९ अशी सोळा वर्षे व्हिएन्ना येथे मध्य युरोपातील फौजा घटविण्याची बोलणी करीत होती. ती निष्फळ ठरली, कारण परस्परांच्या सैनिकांच्या शिरगणतीवरच वाद होता. पण मित्राशी करार करून आपलीच फौज घटविली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या मराठवाड्याच्याच इतिहासात आहे.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत इंग्रज तटस्थ राहिले. रागावलेल्या निजामअलीने त्यांच्या पलटणी परत पाठविल्या आणि रेमंड या फ्रेंच सेनानीच्या कवायती पलटणींवर भर दिला. पुढे मुलाच्या बंडामुळे इंग्रजांनाच पुन्हा बोलवावे लागले, ही गोष्ट निराळी! पण 'जा' म्हणण्याची ताकद तेव्हा त्याच्यापाशी होती. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने ती गेली. फ्रेंचांच्या हाताखालचे सुमारे १४ हजारांचे दल मोडायचे, कंपनीच्या सहा पलटणी ठेवायच्या आणि त्यांच्यासाठी दरसाल २४ लाखांवर रुपये मोजायचे, असे ठरले. २२ ऑक्टोबरला हैदराबादेत त्या दलाने रक्तपाताविना शस्त्रे खाली ठेवली.

यामुळे राज्याचे संरक्षण दुबळे झाले काय? तसे म्हणता येणार नाही. टिपू १७९९ मध्ये पडला, पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. निजामाचे राज्य १९४८ पर्यंत टिकले. म्हणून निजामअलीला धोरणी म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. १८०० च्या तहात या फौजेच्या खर्चापोटी त्याने प्रांतच तोडून दिले. २ सप्टेंबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला शिंद्यांकडून घेतला, तो हीच तैनाती फौज घेऊन; तीनच आठवड्यांनी आपल्याच जिल्ह्यातील असईला वेलस्ली लढला. ही फौज कोठे आणि कोणाशी लढणार, हे हैदराबादेत ठरत नव्हते. मित्राच्या भरवशावर सैन्य घटविणाऱ्या कोणत्याही राष्ट्राने डोकी मोजण्याआधी हुकूम कोणाचा चालणार, हे विचारले पाहिजे.

पुढे इंग्रज अधिकाऱ्यांची 'हैदराबाद कंटिंजंट' उभी राहिली. तिचा खर्च थकला, कर्ज साचले आणि १८५३ मध्ये त्यापायी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली, जालन्याची छावणीही उठली. वऱ्हाडचा कारभार मात्र निजामाकडे परत आला नाही.