आधी चेसिस, मग इंजिन
कमी पैशांत पहिली जुनी जीप किंवा जिप्सी घेणाऱ्याने इंजिनाच्या आवाजावर भाळू नये. आधी चेसिस आणि कागद पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली, महिंद्राची एमएम ५४० साधारण त्याच पिढीतली. दोन्हींची यंत्ररचना साधी, त्यामुळे थकलेले इंजिन पुन्हा उभे करता येते. वसईतल्या वालीवसारख्या लेथ-वेल्डिंगच्या गाळ्यांच्या भागात रिबोअर, पिस्टन, क्रँकचे ग्राइंडिंग यांचा खर्च आधीच विचारून घेता येतो. गंजाचे तसे नाही. वसईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात चेसिस आतून कुजते, वरून काळा रंग मारला की काहीच दिसत नाही, आणि बॉडी उतरवल्याशिवाय खर्चाचा नेमका आकडा कोणी सांगू शकत नाही. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलपाशी हातोडीने ठोकून पाहावे. बद्द आवाज आला तर सरळ परत फिरावे. कोणी म्हणेल, चेसिस बदलता येते की. येते, पण त्यावरचा क्रमांक आरसीशी जुळायला हवा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागते, आणि त्या तपासणीत पुसट क्रमांक, छाटलेली बॉडी, नोंद न केलेले डिझेल इंजिन, सगळे अडते. लष्करी लिलावातली म्हणून कागदांविना विकली जाणारी स्वस्त जीप तर घेऊच नये. ती रस्त्यावर कायदेशीरपणे चालवताच येत नाही.