शत्रूची लिपी कोण वाचणार?

जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात भारताचे वीस जवान धारातीर्थी पडले आणि चिनी मालावरील बहिष्काराची लाट देशभर उसळली. ती उसळणे स्वाभाविकच होते. पण त्याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट हद्दपार झाली आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांची उदाहरणे देताना चिनी भाषेचा उल्लेख होता. जुलै २०२० मध्ये मंत्रिमंडळाने संमत केलेल्या धोरणात कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन आहेत, चिनी नाही. शिकण्यास बंदी नाही हे खरे. मात्र वगळण्यातून निघणारा संकेत स्पष्ट होता आणि अनेक देशभक्त घरांत त्याचे स्वागतच झाले. शत्रूची भाषा मुलांना कशाला शिकवायची?

हा प्रश्न वरकरणी बाणेदार वाटतो; प्रत्यक्षात तो आत्मघातकी आहे. चिनी माल घेतला की आपला पैसा तिकडे जातो. चिनी भाषा घेतली तर तिकडचे ज्ञान इकडे येते. या दोहोंना एकाच तागडीत तोलणारा बहिष्कार चीनला जराही झोंबत नाही. कौटिल्याने गूढपुरुषांसाठी परदेशाच्या वेषाबरोबर तेथील भाषाही आवश्यक मानली, ती त्या देशावरील प्रेमापोटी नव्हे.

चीनने हा धडा कधीच गिरवला होता. पेकिंग नभोवाणीचे हिंदी प्रसारण १९५९ मध्ये सुरू झाले, म्हणजे युद्धाच्या तीन वर्षे आधी. तमिळ प्रसारण सुरू झाले ऑगस्ट १९६३ मध्ये, युद्ध संपून वर्षही झाले नव्हते तेव्हा! ६२ च्या युद्धकैद्यांच्या आठवणींत अस्खलित हिंदी बोलणारे चिनी अधिकारी भेटतात. आपल्या बाजूला चिनी बोलणारे अधिकारी किती होते? 'भाई-भाई'च्या घोषणा देणाऱ्यांना भावाची भाषा शिकावीशी वाटली नाही, आणि आज 'शत्रू' म्हणणाऱ्यांनाही ती शिकावीशी वाटत नाही. घोषणा बदलली, आळस तोच राहिला.

परिणाम असा, की चीनकडे आपण आजही इंग्रजी चष्म्यातून पाहतो. सातव्या शतकातील महाराष्ट्राचे आणि पुलकेशीचे वर्णन ह्युएनत्संगाने चिनी भाषेत लिहून ठेवले. मराठी माणसाच्या स्वाभिमानाचा तो दाखला आपण अभिमानाने सांगतो. पण तो आपल्यापर्यंत आला ज्युलियनच्या फ्रेंच आणि बीलच्या इंग्रजी भाषांतरांच्या वाटेने. वर्तमानपत्रांचीही तीच तऱ्हा. चीनच्या अध्यक्षांचे नाव आपण 'जिनपिंग' लिहितो, कारण रोमन अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचतो. मूळ उच्चार 'चिनफिंग'च्या जवळचा आहे, त्यातला फ ओठ मिटून म्हणायचा.

येथे मराठी माणसाच्या बाबतीत एक गंमत आहे. 'चाक'मधला च आणि 'चिमणी'मधला च आपण वेगळे उच्चारतो. कुणी शिकवावे लागत नाही. हिंदी भाषकाला हा भेद साधत नाही. चिनी भाषेत हे दोन्ही ध्वनी आहेत आणि त्यांच्यात अर्थाचा फरक पडतो. प-फ, त-थ, क-ख यांतील अल्पप्राण-महाप्राण भेद, ज्याने इंग्रज विद्यार्थी मेटाकुटीस येतो, तो तर आपल्या बाराखडीतच आहे. अरुणाचल प्रदेशाला चीनने दिलेले नाव आपली वृत्तपत्रे 'झांगनान' असे छापतात. त्याचा आरंभ 'चाक'मधल्या चने होतो, आणि अर्थ होतो दक्षिण तिबेट. ह्युएनत्संगाच्या नावातील शेवटचा 'त्संग'ही उच्चाराने तोच, स्वराघातही तोच; चिन्ह मात्र निराळे आणि अर्थही निराळा. हा घोळ रोमन लिपी सोडवू शकत नाही. त्यासाठी चिन्हेच ओळखावी लागतात.

ती ओळखणे सोपे आहे, असे कुणीही म्हणू नये. वृत्तपत्र वाचायला सुमारे तीन हजार चिन्हे आणि बोलायला चार स्वराघात लागतात. 'मा' या एका अक्षराचा अर्थ स्वराघातानुसार आई, ताग, घोडा किंवा शिव्या देणे असा होतो. पण अवघड म्हणून ही वाट न चालणारी आपली परंपरा नव्हे. पुढे जनसंघाचे अध्यक्ष झालेल्या डॉ. रघुवीरांनी १९३८ मध्ये लाहोरहून चिनी साहित्यातील रामायणावरचा ग्रंथ सिद्ध केला आणि १९४३ मध्ये भारतीय स्थलनामांचा चिनी कोश काढला. चीनविषयी सावध राहण्याचा इशारा देणारा हा माणूस चिनी ग्रंथ उघडून बसणारा होता. पुण्याच्या पु. वि. बापटांनी एका बौद्ध विनयग्रंथाच्या टीकेचे चिनी रूप जपानी विद्वान हिराकावा यांच्या साहाय्याने इंग्रजीत आणले. भांडारकर संस्थेने ते १९७० मध्ये प्रकाशित केले. सोलापूरचे डॉ. कोटणीस तर रणभूमीवर ही भाषा शिकले.

शिकवणार कोण, ही शंका मात्र रास्त आहे. बीजिंगच्या पैशावर चालणाऱ्या कन्फ्यूशियस संस्थांची २०२० मध्ये सरकारने सुरू केलेली छाननी योग्यच होती. परंतु चिनी ही काही कम्युनिस्ट पक्षाची मालमत्ता नाही. तैवानची भाषा तीच आहे आणि तिथली चिन्हे अधिक जुन्या वळणाची आहेत. तैवानची शिक्षण केंद्रे २०११ पासून भारतीय विद्यापीठांत भाषा शिकवत आहेत. लष्करालाही ही निकड कळली आहे: एप्रिल २०२३ मध्ये त्याने जवानांच्या सोळा आठवड्यांच्या चिनी अभ्यासक्रमासाठी तेजपूर विद्यापीठाशी करार केला. सोळा आठवड्यांत जेवढे येईल तेवढे येईल. दहा वर्षांची शाळा त्याआधी कुणी दिली असती तर?

अरुणाचलमधील डोंगर, नद्या आणि गावे यांना चिनी नावे देणारी पहिली यादी बीजिंगने एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. तीत सहा नावे होती. मे २०२५ पर्यंत अशा पाच याद्या आल्या, पाचवीत सत्तावीस नावे होती. भारताने प्रत्येक वेळी निषेध नोंदवला. त्या याद्या चिनी चिन्हांत आहेत, आणि आपली मुले शाळेत फ्रेंच शिकत आहेत.