भूमिकेचा आडोसा

नाटकाने मुलांचे व्यक्तिमत्त्व घडते, हे वाक्य स्नेहसंमेलनांच्या भाषणांत इतक्या वेळा ऐकू येते की त्याचा अर्थ कोणी तपासत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलांची सांगड अध्यापनाशी घातली आणि सामाजिक व भावनिक क्षमतांनाही शिक्षणाच्या उद्दिष्टांत स्थान दिले. त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र राग कसा आवरावा, मित्राला कसे समजून घ्यावे हे सांगणारी एखादी बोधनाटिका बसवली की काम झाले, असे मानले तर नाटकही हातचे जाईल आणि शिक्षणही.

कुमारवयातले मूल स्वतःविषयी बोलायला कचरते. ‘तुला काय वाटते?’ असे थेट विचारले की ते मान खाली घालते. तोच मुलगा नाटकातला बाप झाला की मुलावर ओरडता ओरडता मध्येच अडखळतो. त्या बापाची धास्ती त्याला आतून कळू लागते. बोलणारा तो असतो आणि नसतोही. भूमिकेचा हा आडोसा आम्हांला नाटकाची खरी देणगी वाटते. ती हाती लागते तालमीत. तिथे एकच प्रसंग पाच प्रकारे करून पाहता येतो, भूमिकांची अदलाबदल करता येते, आणि चुकीची किंमत मोजावी लागत नाही.

मराठी रंगभूमीला ही जाण नवी नाही. १९८६ साली मोहन आगाशे यांनी बर्लिनचे ग्रिप्स नाट्य पुण्यात आणले, तेव्हा राजा-राणी आणि चेटकिणींच्या जागी मुलांच्या घरातले, शाळेतले प्रश्न रंगमंचावर आले. मात्र मुलांच्या भूमिका मोठी माणसेच करीत. त्यापुढचे पाऊल रत्नाकर मतकरी यांनी टाकले. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने त्यांनी २०१४ पासून ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, आणि लोकवस्त्यांतली मुले आपल्या जगण्यातले विषय घेऊन स्वतःच नाटिका रचू लागली.

या वाटेवर एक धोकाही आहे, आणि तो तेंडुलकरांनी दाखवून ठेवला आहे. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हौशी नटमंडळी गंमत म्हणून अभिरूप खटला मांडतात आणि पाहता पाहता शिक्षिका लीला बेणारे हिचे खासगी आयुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. खेळाच्या निमित्ताने आडोसाच काढून घेतला की असे होते. ‘तुझ्या घरचा प्रसंग करून दाखव’ असे भर वर्गात सांगणारा शिक्षक, हेतू कितीही चांगला असो, त्याच दिशेने जातो. म्हणून प्रसंग कल्पित असावा, चिडवल्या जाणाऱ्या मुलाला तीच भूमिका देऊ नये, आणि ‘नको’ म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला असावा.

पाठ्यपुस्तकातला नाट्यउतारा ‘कोण कोणास म्हणाले’ या प्रश्नापाशी संपतो. साहित्याच्या शिक्षकांनी निदान एक तास तो उतारा मुलांच्या हाती द्यावा. एकदा म्हटलेला संवाद भूमिका बदलून पुन्हा म्हणू द्यावा. त्याला गुण मात्र देऊ नयेत. सहानुभूतीला गुण मिळू लागले की मुले सहानुभूती दाखवायला शिकतील, आणि त्या ढोंगाला अभिनय म्हणण्याची वेळ आपल्यावर येईल.