जस्ताचे मलम आणि दुकानदाराचे व्रत



पावसाळा सरला की तोरणा आणि राजगडाच्या वाटा गजबजू लागतात. वेल्ह्याच्या बाजारपेठेतून पाणी, बिस्किटे, टोपी घेऊन तरुण मंडळी गडाकडे निघतात. अशा खरेदीत आता सनस्क्रीनचीही भर पडली आहे. सुमारे १४०० मीटर उंचीच्या तोरण्यासाठी ती रास्तच म्हणावी, कारण उंची वाढते तसे सूर्याचे अतिनील किरण अधिक तीव्र होतात. परंतु ‘यातले नॅनो कण रक्तात जातात का?’ असे गिऱ्हाइकाने विचारल्यास गल्ल्यावर बसलेल्या आपल्या मुलाने किंवा सुनेने काय सांगावे?

खनिज सनस्क्रीनमध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते. झिंक ऑक्साइड म्हणजे जस्ताचे संयुग. घरोघरी असणाऱ्या गुलाबी कॅलामाइन लोशनमध्येही तेच असते. जाड कणांचा पांढरा थर गव्हाळ वर्णावर राखेसारखा दिसतो. म्हणून हे कण १०० नॅनोमीटरहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या हिश्शाएवढे करण्यात आले. त्यामुळे मलम जवळजवळ पारदर्शक झाले. हे कण अतिनील किरण मुख्यत्वे शोषून घेतात. परतवितात ते थोडेच.

सुरक्षिततेविषयी आता पुष्कळ अभ्यास झाला आहे. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ओळखता येईल असे विशिष्ट जस्त वापरून पाच दिवस मलम लावले. रक्तात त्याचा अंश आढळला. परंतु शरीरात मुळात असलेल्या जस्तापुढे तो नगण्य होता. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २०१२ मध्ये नॅनो झिंक ऑक्साइड २५ टक्क्यांपर्यंत त्वचेवर सुरक्षित मानले, मात्र फवाऱ्याच्या रूपात ते वापरू नये असे बजावले. भय आहे ते श्वासाचे. श्वासावाटे जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘संभाव्य कर्ककारक’ पदार्थांत केली आहे. तेव्हा मलम घ्यावे. फवारा व सुटी पावडर टाळावी.

परिणामकारकतेचा प्रश्न मात्र हिशेबाचा आहे. वेष्टनावरील एसपीएफ त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम मलम लावून मोजलेला असतो. बहुतेक लोक त्याच्या निम्मेही लावत नाहीत. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके मलम लागते आणि उन्हात दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. ५० ग्रॅमची ट्यूब वर्षभर पुरली, तर बचत झाली असे नव्हे, संरक्षणच झाले नाही असे समजावे. सहा महिन्यांखालील बाळाला मात्र मलमापेक्षा सावलीच हितावह.

आता आपल्या बाजूचा विचार. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मापाबरोबर प्रतिरूपकव्यवहारही सांगितला आहे, म्हणजे नकली माल अस्सल म्हणून विकणे. बिलाशिवाय, निम्म्या भावात आलेली ट्यूब ठेवणे, मुदत उलटलेली खपविणे, उन्हात तापणाऱ्या काचेच्या कपाटात माल मांडणे, हे सारे त्याच वाटेवरचे आहे. दर्शनी बाजूस ‘मिनरल’ असे लिहून घटकांच्या यादीत अन्य रासायनिक गाळण्या असलेली उत्पादनेही बाजारात असतात. ती यादी वाचूनच गिऱ्हाइकाला सांगावे. घरासाठी घेताना तिच्यात मधमाश्यांचे मेण किंवा लोकरीतील लॅनोलिन आहे काय, तेही पाहावे. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आपल्या देशात २०१४ पासून निषिद्ध आहे. घटकांची पारख मात्र ज्याची त्यानेच करायची आहे.

आपले साधू-साध्वी कोणतेही प्रसाधन न लावता सकाळच्या प्रहरी विहार करतात. गृहस्थानेही भर दुपारचे ऊन टाळणे, छत्री व पूर्ण बाह्यांचे वस्त्र वापरणे हे पहिले संरक्षण, आणि मलम दुसरे. गडावर निघालेल्या मुलाला ट्यूब विकताना एवढे सांगायला अर्धे मिनिट लागते. विक्री कदाचित एका टोपीची वाढेल. विश्वास निश्चित वाढेल.