विश्लेषण : ‘डार्क मोड’ ऐकू येतो, पण कळतो का?

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. अकोले येथून जिल्हा मुख्यालय गाठायचे तर शंभरहून अधिक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. अशा जिल्ह्यात बँक, दाखले आणि परीक्षेचे अर्ज मोबाइलवर आले, याचा सर्वाधिक फायदा दृष्टिहीनांना व्हायला हवा. मात्र अनेक ॲपमधील सेटिंग्ज या ‘बघणाऱ्यांसाठी’च लिहिलेल्या असतात. त्यामुळे फोन बोलतो, पण ऐकणाऱ्याला काही कळत नाही, अशी स्थिती होते.

स्क्रीन रीडर कसा काम करतो?

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’, तर आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ असतो. संगणकासाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळतो. त्याचे काम ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केले. पुढे जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. हे दोघेही दृष्टिहीन आहेत. टॉकबॅक सुरू असताना बोटाखाली जे येते ते फोन बोलतो आणि दोनदा टॅप केल्यावर ते बटण दाबले जाते.

अडचण नेमकी कुठे येते?

स्क्रीन रीडर सहसा चित्र ‘पाहत’ नाही, तर ॲप तयार करणाऱ्याने त्यामागे लिहिलेला मजकूर वाचतो. तो लिहिलेलाच नसेल, तर अनेकदा फक्त ‘बटण’ एवढेच ऐकू येते. चंद्राच्या चित्रावरून डार्क मोड किंवा दातेरी चाकावरून सेटिंग ओळखणे डोळसांना सहज जमते. हिरवा म्हणजे चालू आणि राखाडी म्हणजे बंद, हेही त्यांना दिसते. ऐकणाऱ्यासाठी यातले काहीच नसते.

वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार प्रत्येक बटणाचे नाव, त्याचा प्रकार आणि सध्याची स्थिती या तिन्ही गोष्टी प्रणालीला कळायला हव्यात. तसेच कोणतीही माहिती केवळ रंगातून देऊ नये.

पण नाव दिले म्हणून प्रश्न सुटतोच असे नाही. ‘कॉम्पॅक्ट व्ह्यू, बंद’ असे ऐकू आले, तरी तो चालू केल्यावर काय होईल? ओळी जवळ येतील, की काही माहितीच गायब होईल? डोळस व्यक्ती बटण दाबून बघते आणि नको असेल तर परत फिरते. दृष्टिहीन व्यक्तीला बदल झाला की नाही, हेच समजत नाही.

दिसण्याच्या सेटिंग्ज दृष्टिहीनांना कशाला हव्यात?

हा प्रश्न अनेक डिझायनरही विचारतात. याची उत्तरे तीन. एक, सर्वच दृष्टिहीनांना पूर्ण अंधत्व नसते. अनेकांना थोडे दिसते आणि ते मोठी अक्षरे, गडद रंग व आवाज यांचा एकत्र वापर करतात. दोन, विद्यार्थ्याचा प्रकल्प किंवा कर्मचाऱ्याचा अहवाल शेवटी डोळस व्यक्तीच पाहते. तो कसा दिसतो हे करणाऱ्यालाही ठाऊक हवे. तीन, गोपनीयता. एसटीत शेजारी बसलेल्याला आपला बँकेतील शिल्लक आकडा दिसतो आहे का, हे दृष्टिहीन प्रवाशाला कळत नाही. म्हणूनच आवाज सुरू ठेवून पडदा काळा करण्याची सोय स्क्रीन रीडरमध्ये आहे. त्यामुळे अशा सेटिंग्ज लपवणे हा उपाय नाही, त्या समजावून सांगणे हा आहे.

चांगले उदाहरण कोणते?

एनव्हीडीएमधील ‘स्क्रीन कर्टन’ ही अशीच पडदा काळा करणारी सोय. ती सुरू करताना संगणकाचा पडदा पूर्ण काळा होईल आणि पडद्याविना काम करता येईल याची आधी खात्री करा, असा इशारा मिळतो. परिणाम आधीच शब्दांत सांगितला जातो. नाहीतर मदतीला आलेला घरचा माणूस ‘कॉम्प्युटर बिघडला’ असे समजून दुरुस्तीच्या दुकानात जायचा!

कायदा काय सांगतो?

२०११च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीपुरते न ठेवता बंधनकारक करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सांगितले.

त्यानंतर ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिड हल्ल्यातील पीडित प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल आला. डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले आणि २० निर्देश दिले. केवायसीसाठी ‘डोळे मिचकवा’ या अटीला पर्याय, ठरावीक काळाने सुगम्यता तपासणी आणि ॲपच्या चाचणीत दृष्टिहीनांचा सहभाग हे त्यातील महत्त्वाचे.

उपाय किती अवघड?

बटणांना नाव देणे हे प्रोग्रामरसाठी बहुतेकदा एका ओळीचे काम असते. ‘डार्क मोड’च्या जोडीला ‘पडद्याची पार्श्वभूमी काळी होते, मजकुरात बदल होत नाही’ एवढे वाक्य पुरते. बटण दाबल्यावर ‘सुरू झाले’ असे ऐकू यावे आणि पूर्वस्थितीवर नेणारे बटण सहज सापडावे. मराठी ॲपमध्ये ही वर्णनेही मराठीतच हवीत. गुगलचे ‘ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर’ हे मोफत ॲप नाव नसलेली बटणे दाखवून देते. मात्र लिहिलेले वर्णन समजते की नाही, हे यंत्र सांगू शकत नाही. ते ऐकणारा माणूसच सांगू शकतो.

डोळस वाचकांनाही याचा अनुभव घेता येईल. फोनच्या सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’त जाऊन टॉकबॅक सुरू करावा, डोळे मिटावेत आणि आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक किती ते शोधावे. बंद करण्याची पद्धत तेवढी आधी वाचून ठेवावी. जे काम एरवी काही सेकंदांत होते, त्याला किती वेळ लागतो आणि मध्येच कुणाला हाक मारावी लागते का, हे पाहावे. पासवर्ड सांगून दुसऱ्याकडून काम करून घ्यायचे, की ते स्वतः करायचे, हा फरक अनेकदा एका न लिहिलेल्या ओळीचा असतो.